‘गेट’चे चार अर्थ

३ फेब्रुवारी, सोमवार
आज वर्गात ‘गेट’ घेतलं. या एका क्रियापदाने आमच्या अख्ख्या मोम्पॉस गावाच्या नाकी नऊ आणलेत. आपण स्पॅनिशवाले प्रत्येक कामाला वेगळा शब्द ठेवतो. इंग्रज आळशी, सगळीकडे ‘गेट’ ठोकून देतो. मी चार अर्थ काढले: मिळणं, होणं, पोहोचणं, आणणं. डिक्शनरीत ‘समजणं’ पण दिलाय. क्वचित वापरतात. गाळला.
हॉटेलातला वेटर विल्मार म्हणाला, प्रोफेसर, पाहुणे तर सारखे ‘आय गेट इट’ म्हणतात. त्याला सांगितलं, सूप मिळालं असेल त्यांना. वर्ग हसला. विनोदाची जाण आहे पोरांना.

५ फेब्रुवारी
लेक यानेथ आली, खूप दिवसांनी. सोबत जावई कीथ, कॅनडाचा. त्याला स्पॅनिश येत नाही. बिचाऱ्याशी बोलायला मी आहे म्हणून बरं. माझं इंग्रजी ऐकून नुसती मान डोलवत होता. भारावला असावा.
यानेथने विचारलं, आईकडे दाराची चावी का नाही? म्हटलं, चोऱ्या वाढल्यात, माझ्या खिशात सुरक्षित असते. शिवाय नुबियाला जायचंच कुठे असतं? बहिणीकडे जायचं असलं की सांगते. मला सवड झाली की उघडतो.

८ फेब्रुवारी, दुपारी
आरामखुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. स्वयंपाकघरात यानेथ कीथशी इंग्रजीत कुजबुजत होती. माझ्यापासून लपवायचं, तेही इंग्रजीत! हसू आलं.
“पापा जस्ट डझन्ट गेट इट.” म्हणजे, पापांना ते मिळालेलं नाही. अजून.
मग: “वुई हॅव टू गेट हर आउट.” तिला बाहेर काढायला हवं. ही ‘ती’ कोण? इंग्रज गाडीला ‘ती’ म्हणतात. कुठून बाहेर? शोरूममधून. मोटरसायकल! माझ्या साठीची भेट!
गुणाची पोर.

११ फेब्रुवारी
यानेथ नुबियाला पासपोर्टचे फोटो काढायला घेऊन गेली. दार लगेच उघडून दिलं. गाडी बायकोच्या नावावर घेत असतील, कर कमी पडत असेल. विचारलं नाही. सरप्राइज मोडू नये.

१४ फेब्रुवारी
मागच्या अंगणात गाडीला जागा केली. नुबियाच्या कुंड्या होत्या, लग्नापासून जमवलेल्या. हातगाडीवाल्या भंगारवाल्याला बोलावून सगळ्या देऊन टाकल्या. नुबिया बाजारातून आली. बघत उभी राहिली. मग हात धुतले आणि मासे साफ करायला बसली. समजूतदार बाई.
यानेथ मात्र माझ्यावर ओरडली. प्रवासाचा थकवा.

१७ फेब्रुवारी, सकाळी
हॉर्न ऐकला. पायजम्यावरच पळालो. बाहेर टॅक्सी.
नुबिया निळा झगा घालून बॅगेपाशी उभी. म्हणाली, मी यानेथबरोबर जातेय. आधी कार्ताहेना शहरात, कागद झाले की कॅनडाला. परत यायचं की नाही ते तिथे ठरवीन.
म्हटलं, मला न विचारता? लोक काय म्हणतील? माझं दुपारचं जेवण?
म्हणाली, “एवारिस्तो, दार उघडा.”
आवाज चढवला नाही. कीथ जमिनीकडे बघत होता. यानेथ माझ्याकडे. खिशातून चावी काढली.
उघडलं.

तोच दिवस, संध्याकाळी
वर्गाला विल्मार आणि शिकायला येणाऱ्या दोघी बहिणी आल्या. बसायच्या आधीच विचारलं, नुबियाबाईंच्या एम्पानादा तळून झाल्या का? म्हटलं, ती बाहेरगावी गेलीय. एकमेकांकडे बघितलं तिघांनी. विल्मारला अचानक ड्यूटी आठवली. बहिणींची मावशी आजारी पडली.
रिकाम्या बाकांसमोर बसून होतो. भूक लागलीय. तांदूळ कुठल्या डब्यात असतात, कुणाला विचारू?