साडेनऊ विद्यार्थी

५ मे, सोमवार

प्रिन्सिपल मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, एकोणीस वर्षं मराठी शिकवल्याबद्दल शाल-श्रीफळ. नाही. मॅनेजमेंटचा ठराव वाचून दाखवला. ३० जूनपर्यंत फर्स्ट इयरला सेकंड लँग्वेज म्हणून मराठी घेणारे दहा विद्यार्थी पाहिजेत. दहा झाले तर मी फुल-टाइम. नाही झाले तर पार्ट-टाइम, आठवड्याला तीन तास, पगार तासावर.

पोटनियम असा की सकाळच्या कॉलेजचा विद्यार्थी एक धरायचा. संध्याकाळच्या कॉलेजचा, म्हणजे नोकरी करून शिकणारा, अर्धा. मी विचारलं, अर्धा कसा, तो तर अख्ख्या बाकावर बसतो. मॅडम म्हणाल्या, सर, एक्सेल शीटमध्ये तसंच आहे.

मनातल्या मनात हसलो. हैदराबादेत मराठी माणसाला काय तोटा आहे? छप्पन्न दिवस आणि दहा विद्यार्थी. त्यातली पहिली तर घरातच. लेक राणीचं इंटर, म्हणजे बारावी, झालं, आमच्याच कॉलेजला बी.कॉम.ला येणार.

१. राणी बिरादार. एकूण एक.

ही वही आजपासून. कुणी वाचायची भीती नाही. बायको त्रिवेणी अंबरपेठेत तेलुगू मीडियमला शिकली, राणी इंग्लिश मीडियमला. टेबलावर उघडी टाकली तरी तिजोरीत ठेवल्यासारखी आहे.

६ मे

संकल्प : पहाटे पाचला उठणे. रोज दोन घरं. ऊन चढायच्या आत परत.

७ मे, सकाळी ८.४०

उद्यापासून.

९ मे, शुक्रवार

दोन घरं केली. पहिलं आमच्याच गल्लीतलं. मुलगा म्हणाला, नक्को सर, मैं संस्कृत लेतौं, बिना पढ़े नब्बे गिरते. त्याला समजावलं की आयुष्यात मार्क महत्त्वाचे नसतात. त्याच्या वडिलांनी विचारलं, मग तुमच्या राणीला कित्ते पडले सर? अठ्ठ्याऐंशी टक्के, असं मी अभिमानानं सांगितलं. तिथंच गाडी घसरली.

दुसरं घर गच्चीबावलीला. पुण्याहून आलेले आयटीतले अभिजीत. मराठी अशी शुद्ध की मलाच सावरून बोलावं लागलं. भाषेच्या भवितव्यावर पन्नास मिनिटं बोलले, डोळ्यांत पाणी आणलं. मुलगा बंगळूरला फ्रेंच घेतोय. चकली उत्तम होती.

एकूण एक.

११ मे, रविवार

आमच्या समाजाच्या हॉलचे अध्यक्ष केशवराव यांना भेटलो. ते म्हणाले, दहा काय, पन्नास धाडतो, तुम्ही कशाला उन्हात फिरूलालाव सर. पुढच्या रविवारी हॉल फुकट दिला. निमंत्रण पत्रिका छापा म्हणाले.

प्रश्न सुटला. उगीच दोन रात्री झोपलो नाही.

१४ मे

पत्रिका छापून आल्या. मजकूर माझा, पूर्ण मराठीत. चिक्कडपल्लीच्या प्रेसवाल्याकडे मराठी अक्षरं आहेत, पण त्यानं आजवर मराठीत फक्त लग्नपत्रिका छापल्यात. त्यामुळे वर गणपती, बाजूला केळीचे खांब आणि खाली आपोआप ‘सहकुटुंब येऊन उपस्थितांस आशीर्वाद द्यावेत’. म्हटलं असू दे, शोभा आली. दीडशे वाटल्या.

त्रिवेणीनं विचारलं, अहो, पोरांना हे वाचता येतंय का? बायकांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते.

१८ मे, रविवार

मेळाव्याला त्रेसष्ट माणसं! हॉल भरला. विद्यार्थी शून्य.

पोरांना पत्रिका वाचता आली नव्हती. त्यांनी गणपती आणि केळी बघून ती आजी-आजोबांकडे दिली. आजोबांना चष्म्याशिवाय एवढंच दिसलं की बिरादार मास्तरांच्या घरचं कार्य आहे. सगळे नटूनथटून आले. नवरी कुठंय म्हणून राणीला शोधत होते. नऊ टॉवेल-टोप्या, सात स्टीलचे डबे, अकरा ब्लाउज पीस आणि एक भिंतीवरचं घड्याळ. पंगत कधी बसते, असं तीन जणांनी विचारलं. त्रिवेणीनं वीस माणसांचे पोहे केले होते.

केशवराव मायबोलीवर पाऊण तास बोलले. खाली उतरल्यावर मी त्यांच्या नातवाबद्दल विचारलं. ते म्हणाले, तो संस्कृत घेऊन बसलाय, पर पन्नास पोरं धाडतोच मी, परेशान नक्को होऊ.

एकूण एक. हॉलची झाडलोट मीच केली.

१९ ते २१ मे

आहेर परत करत हिंडलो. आहेर परत घ्यायची रीत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. एका घरी म्हातारी खवळली. आहेरात दिलेली टोपी परत म्हणजे काय, आम्ही काय वाकडं केलंय तुमचं? तिच्या नातीनं मराठी घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. आता घेणार नाही.

पण फायदाही झाला. टोपी बाजूला ठेवायला सांगून चार घरांनी बसवून घेतलं, चहा केला, बोलणं झालं. दोन पोरं तयार! बोलावून, भाषण करून जे झालं नाही, ते डबे परत करताना झालं.

एकूण तीन. माझी पद्धत हळूहळू फळ देते आहे.

२६ मे

मॅडमना ‘आउटकम रिपोर्ट’ही पाहिजे. गेल्या पाच वर्षांत मराठी घेतलेली मुलं आज कुठं आहेत. एकूण एकतीस. सकाळचे एकोणीस, त्यातले सतरा वेळेत डिग्री झाले. संध्याकाळचे बारा, त्यातले चार.

दिवसभर फोन केले. सकाळच्या कॉलेजचा संदेश, माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आता मोठ्या कंपनीत आहे. त्यानं आधी विचारलं, कौन सर? ओळख पटल्यावर म्हणाला, तुमच्या तासाला पंख्याखालची जागा मिळायची.

मग संध्याकाळचा युवराज. कॉमर्समध्ये तीनदा गेला, शेवटी कॉलेज सोडलं, कॅब चालवतो. सिग्नलला गाडी थांबवून बोलत होता. पोरगी झालीय, तिला रोज मराठीत गोष्ट सांगतो म्हणाला. तुमच्या तासाला लिहून घेतलेल्या वहीतल्याच सांगतो सर, मेरेकू दुसरी कहाँ आती. वही अजून जपून ठेवलीय.

रिपोर्टच्या रकान्यात लिहिलं : संदेश, यशस्वी. युवराज, ड्रॉप-आउट. तिसरा रकाना नव्हता.

रिपोर्ट बंद केला. मग चहा घेतला.

४ जून

नवीन धोरण. सकाळवाले मिळत नसतील तर संध्याकाळवाले पकडायचे. दोन अर्धे म्हणजे एक, हे गणित मॅनेजमेंटनंच शिकवलंय.

पहिला गडी मिळाला. सिकंदराबादचे दत्तोबा, रेल्वेत पॉइंट्समन होते, वय अडुसष्ट. डिग्री घ्यायची फार इच्छा. स्वतःहून कॉलेजात आले, सोबत चाळीस वर्षांपूर्वीचा इंटरचा मेमो, म्हणजे मार्कलिस्ट, प्लास्टिकमध्ये घालून. मला म्हणाले, आपण अर्धे का होईना. मी त्यांना पोटनियम सांगितला नव्हता. ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितला असावा. लाज वाटली.

एकूण साडेतीन.

१२ जून

साडीच्या दुकानातली जयवंता आली, अर्धी. तिनं दुकानातल्या आणखी तिघींना आणलं, दीड. सकाळचे अजून दोन. एकूण साडेसात. केशवरावांच्या पन्नासांपैकी शून्य.

त्रिवेणी म्हणाली, एकदा राणीशी बोलून घ्या. मी म्हणालो, राणीचं काय, ती पहिल्या नंबरावर आहे. ती काहीतरी बोलणार होती, पण कुकरची शिट्टी झाली.

२० जून, शुक्रवार

दत्तोबांनी पेन्शनच्या रांगेतून चार जण आणले. सगळे साठीच्या पुढचे, संध्याकाळचे. सकाळचे पाच, संध्याकाळचे नऊ. एकूण साडेनऊ!

फक्त अर्धा हवा. एवढ्या मोठ्या शहरात मला अर्धा माणूस मिळेना.

२३ जून

दारोदार. भाजीवाला, इस्त्रीवाला, पोस्टमन, सगळ्यांना विचारलं. अंबरपेठेत आता माणसं मला बघून रस्ता बदलतात. आज मीच मला आरशात बघून बाजूला झालो.

खरं लिहितो, इथं कोण वाचतंय. मला भीती वाटते. पगाराची वाटतेच. पण एकोणीस वर्षांनंतर त्या शीटमध्ये माझ्या नावापुढं अर्धा लिहिलेला मला बघवणार नाही.

२५ जून, बुधवार

दहा!!

त्रिवेणीला हात जोडले. ती इंटर आहे, संध्याकाळी घरीच असते. वाटलं होतं, हाकलून देईल. एका शब्दात हो म्हणाली. फॉर्मवर सही तेलुगूत केली. मी म्हणालो, मला माहीत होतं तू माझ्या पाठीशी आहेस. ती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होती. भावना अनावर झाल्या असणार.

फॉर्म कॉलेजात देऊन येताना उस्मानिया बिस्किटं आणली. मनातल्या मनात मॅडमसमोर करायचं भाषणही तयार केलं.

२८ जून, शनिवार

मॅडमनी पोर्टलवरची यादी काढली. नऊ.

कॉम्प्युटरची चूक, असं मी ठामपणे सांगितलं. क्लार्कवर ओरडलो. त्यानं स्क्रीन फिरवून दाखवली. राणी बिरादार, बी.कॉम., सेकंड लँग्वेज : संस्कृत. ऑप्शन भरल्याची तारीख ४ मे.

४ मे. म्हणजे ही वही सुरू व्हायच्या आदल्या दिवशी.

घरी येऊन विचारलं. राणी म्हणाली, पप्पा, तुम्ही विचारलंच नाही. पुढं म्हणाली, मला वाचता येत नाही हो मराठी. तुमच्याच वर्गात तुमचीच पोरगी नापास झाली असती तर तुम्ही लोकांना काय सांगितलं असतं? त्रिवेणीला हे माहीत होतं. म्हणूनच ती अर्ध्याला तयार झाली. तिच्याकडून जेवढं भरून निघेल तेवढं.

मग राणीच म्हणाली, ३० तारखेला पाचपर्यंत ऑप्शन बदलता येतो. बदलते मी. रडत नव्हती. हे जास्त वाईट.

२९ जून, रविवार

प्रश्न सुटलाय. उद्या बदलायचं, दहा होतात. एवढी हुशार मुलगी, महिन्याभरात शिकेल. अठ्ठ्याऐंशी टक्के आहेत.

सहज म्हणून माझ्या नोट्सचं पहिलं पान वाचायला दिलं. एका परिच्छेदाला अकरा मिनिटं लागली. जोडाक्षर आलं की थांबायची आणि माझ्याकडे बघायची. ‘विद्यार्थी’ शब्दाला तीनदा अडली. लोकांच्या पोरांना शिकवत मी एकोणीस वर्षं संध्याकाळी उशिरा घरी आलो. तिला एल.के.जी.त इंग्लिश मीडियमला मीच घातलं होतं. फॉर्मवर सही माझीच आहे.

तिला सी.ए. करायचंय. मार्कांवर सगळं आहे.

ते असो. उद्या दुपारी बदलायचं.

३० जून, सोमवार, संध्याकाळी ५.२०

ऑप्शन बदलला गेला नाही. कारणं पुढीलप्रमाणे. दुपारी इंटरनेट हळू होतं. नंतर पासवर्ड आठवेना. राणीनं दोनदा सांगितला, पण नीट ऐकू आला नाही. मग चहा. साडेचारला चष्मा सापडेना. पाचला दोन मिनिटं असताना राणी म्हणाली, पप्पा, चष्मा डोळ्यांवरच आहे. तोवर उशीर झाला.

तांत्रिक अडचणींपुढं माणूस काय करणार.

१ जुलै

पत्र मिळालं. पार्ट-टाइम. मॅडमना वाईट वाटलं, असं त्या म्हणाल्या. मला स्टाफरूमचं कपाट रिकामं करायचंय. शीटमधल्या नऊंचा, म्हणजे बाकांवरच्या चौदा जणांचा तास मंगळवार, गुरुवार, शनिवार. दत्तोबांचा फोन आला. पहिल्या बाकावर कोण बसणार म्हणून त्यांचं आणि जयवंताचं भांडण झालंय.

घरी येऊन हजेरीवहीला नवीन कव्हर घातलं.

३ जुलै, सकाळी ७.१५

राणी टेबलाशी उभी होती. वही उघडी होती, पहिलंच पान. तिनं बोट ठेवून वाचलं : एक... रा... णी... बि... रा... दार. स्वतःचं नाव तिला आलं. मग विचारलं, हे काय लिहिलंय पप्पा, माझ्या नावापुढं एक का?

मी म्हणालो, हिशेब आहे कॉलेजचा.

ती म्हणाली, रोज कॉलेजला जायच्या आधी अर्धा तास शिकवाल का? परीक्षेसाठी नक्को, असंच. शिकवलं. अर्ध्या तासातली दहा मिनिटं फोनवर गेली, तरी मी हजेरी लावली. सकाळची असली तरी हिला अर्धीच धरतो.

एकूण साडेनऊ.

पोरगी हुशार आहे. याच वेगानं शिकली तर गणपतीपर्यंत ही वही वाचेल. ३० जूनचं पान फाडून टाकायला पाहिजे.

उद्या फाडतो.