मी खरवडलेलं दगडफूल

प्रिय आत्या,

अकरा वाजता पालिकेचा माणूस तुझा आंबा बघायला येणार आहे. आत्ता सव्वानऊ झालेत. तू जाऊन आठ महिने होत आले, एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही गहिवरून वगैरे आलंय म्हणून लिहीत नाहीये. मला भीती वाटतेय. या भीतीत माझी बाजू घेईल असं दुसरं कोणी आठवेना. खरं तर तूही घेशील की नाही, शंकाच आहे.

तुझ्या बेलवलीच्या घरात, खिडकीजवळच्या तुझ्याच खुर्चीत बसलेय. समोर आंबा. बुंध्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत गेरू आणि चुना, त्याच्या वर तुझं ते दगडफूल. करडं, हिरवट, कडांना चुण्या पडलेलं.

सोसायटीने झाड तोडायची परवानगी मागितलीय. अर्जात लिहिलंय, 'झाड रोगट असून कोसळण्याचा धोका आहे.' खरं कारण तू ओळखलंच असशील. चार गाड्या लावायची जागा! ते मी दोन मिनिटांत फाडून ठेवलं असतं. पण रोगाचा पुरावा म्हणून जो कागद जोडलाय ना, तो माझा आहे. माझ्या अक्षरात, माझ्या सहीचा.

हो. माझा.

माघात तू दवाखान्यात होतीस. तुझ्यासाठी जे करायचं ते डॉक्टर करत होते आणि मला नुसतं बसवत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून मी झाड धरलं. खोडावरचे ते करडे पापुद्रे बघून वाटलं, तू घरी येईपर्यंत सगळं चकाचक करून ठेवू. आपल्या सोसायटीत खिळा ठोकायलासुद्धा अर्ज लागतो, म्हणून अर्ज केला. 'सदर आम्रवृक्षाच्या खोडावर बुरशीसदृश रोगाचा प्रादुर्भाव झाला असून तो वरच्या दिशेने पसरत आहे. सबब खोड घासून गेरू-चुना लावण्यास परवानगी मिळावी.' 'प्रादुर्भाव' लिहिताना मला केवढं समाधान वाटलं होतं! इतकं चांगलं मराठी लिहायची काय गरज होती, सांग ना?

रंगारी तारेचा ब्रश घेऊन आला. दुपारपर्यंत हात पोचेल तेवढं सगळं खरवडून निघालं. मी त्याला दोनदा चहा दिला.

मग तू आलीस. रिक्षातून उतरलीस, माझा हात सोडून झाडापाशी गेलीस आणि खोडावर तळवा ठेवलास. चुना ओला नव्हता, तरी हाताला लागला. तू हाताकडे बघितलंस, झाडाकडे बघितलंस.

"छान," म्हणालीस. "आता अंतरपाट तेवढा धरा."

मी हसले! मला वाटलं, आवडलं तुला. तू आत येऊन हात धुतलास आणि ही खुर्ची खिडकीकडून भिंतीकडे फिरवून मागितलीस. मी समजले, डोळ्यांवर उजेड येतोय.

आत्या, तू मला रागावली का नाहीस? मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याला गल्लीच्या टोकापर्यंत न सोडणारी बाई तू! माझ्या वेळेलाच तुला हे शहाणपण कुठून सुचलं? तीन आठवड्यांनी तू गेलीस आणि आपलं ते एक भांडण राहून गेलं.

चैत्रात जानकी आली. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरून, दर वर्षी मसाल्याच्या दिवसांत येते तशीच, डोक्यावर दगडफुलाचं गाठोडं घेऊन. तू गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. ती ओट्यावर बसली, पदराने तोंड पुसलं. मग तिचं लक्ष झाडाकडे गेलं.

"बाय, ह्याला कोनी सोलला?"

"रोग होता गं त्याला."

"कोनाला?"

एवढंच विचारलं तिने. मी खोडाकडे बोट दाखवलं. मग तीच म्हणाली, "माझी पोरगी रांगत व्हती तवा हितं टिकलीयेवढा व्हता. म्हातारीनंच दावला व्हता मला. आता पोरीला पोर झाला, तवा कुठं तळहातायेवढा झालता."

तिच्या पोरीच्या अख्ख्या बालपणाला लागला तेवढा वेळ त्याला टिकलीपासून तळहातापर्यंत यायला लागला, आणि मी अर्ध्या दिवसात तारेच्या ब्रशने...

तू सांगत होतीस की सगळं! मीच मोबाईलमध्ये डोकं घालून 'हं, हं' करत होते. आता एकेक आठवतं. तू म्हणायचीस, ही एक वस्तू नाहीच, हा बुरशीचा आणि शेवाळाचा संसार आहे. एक घर बांधते, दुसरं उन्हावर स्वयंपाक करतं, आणि दोघांचं इतकं जमतं की शेजाऱ्यांना कोण कुठलं ते ओळखू येत नाही. झाडाचं काही खात नाहीत. पाऊस, दव आणि हवा यांवर भागवतात, झाडावर नुसते टेकलेले असतात. वठलेल्या फांदीवर जास्त दिसतात, कारण तिथे पानं नसतात आणि ऊन पोचतं. 'मयताला जमलेल्यांनीच माणूस मारला म्हणण्यासारखं आहे ते,' असं तूच म्हणायचीस.

आणि उल्हासनगरचा तो मसालेवाला आठवतो? "मावशी, एक नंबर माल आहे, आँख बंद करके घ्या!" म्हणायचा. तू चिमूटभर दगडफूल तळव्यावर चोळून वास घ्यायचीस. "यात निम्मी झाडाची साल आहे, भाऊ. साल मी घरची घालीन." मग जानकीच्या गाठोड्याची वाट बघायचीस. ती वाऱ्याने पडलेल्या फांदीवरचं घ्यायची, उभ्या झाडावरचं घ्यायचीच वेळ आली तर निम्मं तसंच ठेवायची. म्हणून तिच्याशी तू कधी घासाघीस केली नाहीस. तू, आणि घासाघीस नाही!

पण या आंब्यावरचं तू मसाल्यात कधी घातलं नाहीस. हे मसाल्यातल्याचं चुलत भावंड, आणि शहरातल्या हवेत जे काही असेल ते पिऊन बसलेलं. 'हे बघायचं आणि जानकीचं खायचं.' अंबरनाथला कारखान्यांच्या कडेला तू वीस वर्षं राहिलीस, तिथल्या झाडांची खोडं कशी टकली होती ते मला दाखवायचीस. धुराने आंबूस झालेली हवा दगडफुलाला सोसत नाही. बेलवलीतलं हे घर बघायला आपण आलो तेव्हा बिल्डर स्वयंपाकघरातल्या फरश्या दाखवत होता आणि तू बाहेर जाऊन खोडाला नाक लावून उभी. "घेऊ या," म्हणालीस. "इथे श्वास घेता येईल, यांनी आधीच घेऊन बघितलाय."

एवढं सगळं ऐकलेली मी. आणि मी काय लिहिलं? प्रादुर्भाव.

पावणेदहा. चेअरमन आत्ताच खिडकीशी येऊन गेला.

"ताई, टेन्शन नका घेऊ. मी काय झाडाचा दुश्मन आहे का? एकाच्या बदल्यात दोन लावू आपण. कुंडीत."

"आंबा? कुंडीत?"

"बोन्साय असतं ना! आणि रोगाचं मी नाही म्हणत, तुम्हीच म्हणताय. प्रादुर्भाव! शब्द बघा काय भारी आहे. आमच्या सेक्रेटरीला सात जन्मांत जमला नसता."

माझ्या मराठीची एवढी तारीफ आजवर कोणी केली नव्हती.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे पत्र. रात्रभर माझ्या डोक्यात एक वाक्य तयार आहे. 'अर्ज माझा असला तरी मजकूर आत्याचा होता. ती आजारी होती, तिला भास व्हायचे, तिने सांगितलं ते मी उतरवून घेतलं.' किती सोपं आहे! अर्जातला दम जाईल, आंबा वाचेल, माझी अब्रूही वाचेल. आणि तू काही उठून मला खोटं पाडायला येणार नाहीस.

बोलू का ते? झाड तुझंच आहे, तुझ्या नावाने वाचलं तर तुझं काय जातंय?

आजही रागावत नाहीस. त्या दिवशीसारखीच.

अकरा वाजून गेले. फाटकाशी मोटारसायकल थांबलीय. जाते.

परत बसलेय. दोन वाजलेत.

पालिकेचा माणूस तिशीतला, पाठीला पिशवी, बोलायला कमी. त्याने वर बघितलं, खाली बघितलं, मग फाइल उघडली. चेअरमनने माझ्या कागदावर बोट ठेवलं. "साहेब, हे बघा. घरच्याच माणसाची तक्रार आहे. खाली इलाज केला, तरी वर पसरलंच."

"हे कोणाचं?" त्याने विचारलं.

माझं वाक्य जिभेवर तयार होतं, आत्या. अगदी तयार. मी आधाराला म्हणून खोडाला हात टेकला. आणि काढला तर तळवा पांढरा.

"माझं," म्हटलं. "आणि ते चूक आहे."

"म्हणजे रोग नाहीये?"

"नाही. मला काही कळत नव्हतं. जिला कळत होतं तिला मी विचारलं नाही."

चेअरमन हसला. "ताई, आता इमोशनल होऊन कसं चालेल? लेखी आहे ना!"

मग मी आत गेले आणि तांब्या घेऊन आले. लहानपणी तू आम्हाला दाखवायचीस तीच गंमत. स्टुलावर चढले आणि चुन्याच्या वरच्या एका करड्या पापुद्र्यावर पाणी शिंपडलं. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मला वाटलं, नाही व्हायचं. माझ्या हातून कसं होईल? मग कडेपासून ते हिरवं होत गेलं. आधी फिकट, मग चांगलं हिरवंगार.

"जादू दाखवताय का?" चेअरमन म्हणाला, पण मान वर करून बघत होता तोही.

साहेबाने शेजारची साल नखाने जरा खरवडली. आत ओली, हिरवी. त्याने एका टोकाची वठलेली फांदी दाखवली. "ही एवढी काढायला लागेल. बाकी झाड ठणठणीत दिसतंय. मी तसा अहवाल देतो, निर्णय वर होईल. पण हा कागद फाइलला आहे. तुम्ही नवीन लिहून द्या."

म्हणजे अजून ठरलेलं नाही. चेअरमनही गप्प बसणाऱ्यातला नाही, जाताना "बघू ना, ताई" म्हणून गेलाय. पण ओट्यावर बसून मी लिहून दिलं. चार ओळी. 'झाडावर रोग नाही, दगडफूल आहे. आधीचा अर्ज मी अज्ञानाने केला होता. खोड घासणं ही माझी चूक होती. ती माझीच होती, दुसऱ्या कोणाची नाही.' प्रादुर्भाव नाही, सदर नाही, सबब नाही. सहीच्या शेजारी चुन्याचा अंगठा उमटला, तो मुद्दाम नाही हं. साहेब म्हणाला, "चालेल."

वठलेली फांदी उद्या काढतील. मी ती मागून घेतलीय. तिच्यावरचं खरवडणार नाहीये. आंब्याच्या बुंध्याशीच टेकवून ठेवेन, जानकी आली की तिला विचारेन काय करायचं ते.

आता वचन. मला वचनं द्यायची सवय नाही, पण हे देते. तुझ्या झाडाखाली मी पालापाचोळा जाळू देणार नाही. खोडाला फवारा, चुना, गेरू, दिव्यांच्या माळा, काही लागू देणार नाही. आणि ज्या जागी मी ब्रश फिरवायला लावला, तिथे पुन्हा टिकलीएवढं काही यायला जितकी वर्षं लागतील तितकी वर्षं मी तिथे काहीही करणार नाही. नुसती बसेन. तुला माहीत आहे, माझ्यासारखीला याहून अवघड काही सांगताच आलं नसतं.

खुर्ची मी परत झाडाकडे वळवून ठेवलीय.

तुझी,
हात अजून न धुतलेली,
कुंदा