रेडिओ आडवा ठेवला होता

दादा,

कामतघरच्या आपल्या खोलीत भिंतीपलीकडे कापडाचे माग धडधडायचे आणि अलीकडे तुम्ही लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचात. आणीबाणी उठल्यानंतरच्या दिवसांत ठाण्याच्या एका कारखान्याने तुमच्याकडे नव्या तऱ्हेचा पॉवर सप्लाय मागितला. जड ट्रान्सफॉर्मर नको, वीज भराभर चालू-बंद करून हवा तेवढा व्होल्टेज देणारा हवा. त्याचा बोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडायची तांब्याची पाटी, मी आखते, असं तुमची ही लेक म्हणाली. तोवर मी तुमच्याकडे कॉइल गुंडाळत होते, आणि त्यापेक्षा शेजारणींबरोबर मागाच्या सुताच्या कांड्या भरायला जा, असं आईचं पालुपद चालू होतं. तुम्ही म्हणालात, बोर्ड जमला तर आखणीचं टेबल तुझं, नाही तर आईचं ऐक.

मी जीव ओतला. रांगोळीचा हात माझा, दोन्ही बाजू सारख्या नसल्या की चैन पडत नाही. मधोमध छोटा ट्रान्सफॉर्मर, एका कोपऱ्यात मोठा कपॅसिटर, समोरच्या कोपऱ्यात ट्रान्झिस्टर, आणि तांब्याच्या पत्र्यावर रंगाने काढलेल्या वळणदार रेघा. रंगाबाहेरचं तांबं औषधात विरघळून बोर्ड तयार झाला, तेव्हा आई म्हणाली, तुळशीपुढे ठेवावा असा झालाय. जोडणी झाली, बल्ब लागला, मीटरचा आकडाही बरोबर आला. मी तुमच्या तोंडाकडे बघतेय. तुम्ही फळीवरचा रेडिओ लावून बोर्डाशेजारी ठेवता. गाणं बुडतं, नुसती खरखर उरते. तेवढ्यात पलीकडचा माग चालवणारा स्वतःचा रेडिओ तिकडे तसाच सोडून दारात येऊन विचारतो, "चाचा, हमारा रेडियो क्यों रो रहा है?"

तुम्ही माझं बोट धरून, वीज जाते तसं, कपॅसिटरपासून ट्रान्झिस्टरपर्यंत नेलंत आणि म्हणालात, आता घरी ये, परत कपॅसिटरपाशी. मी अख्ख्या बोर्डाला प्रदक्षिणा घालून परत आले.

"तुला जायचा रस्ता दिसला, पोरी. यायचा न्हाय दिसला. एवढं मोठं रिंगण घातलंस, ते वरडणारच."

मला इतकं लागलं की त्या दिवशी मी जेवले नाही. मग सगळं एका जागी दाटीवाटीने बसवलं, रेघा जाड आणि आखूड केल्या. उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय, आई म्हणाली. तुम्ही रेडिओ ठेवलात, आणि गाणं स्वच्छ ऐकू आलं. "टेबल तुझं," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी मात्र, हात बसायला हवा म्हणून तोच बोर्ड पुन्हा आखायला लावलात, कपॅसिटर आणखी बोटभर जवळ घेऊन. ठाण्याला तो तिसरा गेला.

पुढे जन्मभर मी बोर्डच आखले. तुम्ही जाऊनही आता किती वर्षं झाली. परवा तुमचा रेडिओ पुसून लावला, तर टेबलावर शेजारीच चालू असलेल्या एका पॉवर सप्लायमुळे खरखरायला लागला. सहज फिरवून आडवा ठेवला, खरखर गळाली आणि गाणं राहिलं. त्याच्या पोटातल्या, लहरी पकडणाऱ्या दांडीची दिशा बदलली की असं होतं. रेडिओ दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल कसं? मग आठवलं. पहिल्या वेळी तुम्ही तो माझ्या बोर्डापुढे सरळ ठेवला होतात. दुसऱ्या वेळी आडवा. म्हणजे दुसरा बोर्डही ओरडतच होता, म्हणून तर तिसरा आखायला लावलात.

मी हातातलं फडकं घेऊन तशीच बसले, दादा. फार रडू आलं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगते. ते टेबल मी माझ्या हाताने कमावलं, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगत आले. यापुढेही तेच सांगणार आहे.