बॉनेटच्या पलीकडून

बाबा,

काल कळमेश्वरच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. दरवर्षी मे महिन्यात काकांकडे तुरीची डाळ आणायला जाते, तशीच निघाले होते. गाडी तीच, तुम्ही घरी आणली तेव्हाच जुनी असलेली. सेल्फ मारला की इंजिन फिरत होतं, पण सुरू होत नव्हतं. मला वाटलं, नेहमीचंच. उन्हाने पंप तापला असेल, नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली असेल. गाडीला टांगलेल्या छागलीतल्या पाण्याने फडकं भिजवलं, पंपावर ठेवलं आणि बाभळीच्या सावलीत जाऊन बसले. तुम्ही गेल्यापासून मी एवढंच करते. फडकं ठेवायला दुसरं माणूस लागत नाही.

तुमच्या वेळी आपण दोघं असायचो. तुम्ही बॉनेट उघडून त्याच्यामागे, मी सीटवर, हात सेल्फच्या खटक्यावर. खिशात उन्हासाठी ठेवलेला कांदा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. "मार वं सेल्फ," म्हटलं की मी खटका ओढायची. "बस," म्हटलं की सोडायची. आई गेल्यानंतर घरात आपण फारसं बोलत नव्हतो. कचेरीतून आलात की चहा, वर्तमानपत्र, जेवण. पण गाडी बंद पडली की तुम्ही बोलू लागायचात. आधी करंट, मग पेट्रोल, हा तुमचा क्रम. करंट आहेच असं धरून चालायचं नाही, प्लगची वायर काढून ठिणगी डोळ्याने पाहायची. एकदा मी घाबरून खटका ओढतच राहिले तेव्हा तुम्ही पुढून आलात आणि माझा हात बाजूला केलात. "बॅटरी मारतं काय? सुरू होत नसन तं काहून होत नाही ते पाहावं, जोर नाही लावावा." तुम्ही मला रागावलेलं एवढंच आठवतं.

त्या रविवारीही असंच ऊन होतं. आदल्या आठवड्यात वर्ध्याची मंडळी मला पाहून गेली होती. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. मी पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि हळूच म्हणाला, "तुम्ही पण बसा ना." पाहायला आलेल्यांपैकी असं कोणी म्हणालं नव्हतं. तुम्ही आठवडाभर त्याबद्दल काही विचारलं नाहीत. मग कळमेश्वरच्या अलीकडे गाडी थांबली, तुम्ही बॉनेट उघडलंत आणि त्याच्यामागूनच विचारलंत, "त्या वर्ध्याच्या लोकायले काय कळवू? तुले पोरगा पसंत आहे काय वं?"

मी मान हलवली. एकदा नाही, दोनदा. तोंडाने म्हणायची सवय नव्हती, आणि मोठ्याने ओरडून सांगायची तर ही गोष्टच नव्हती. बॉनेटखालच्या फटीतून मला तुमचा हात दिसत होता, दुपट्ट्याचं टोक दिसत होतं. हात थांबला होता. मला तुम्ही दिसत होतात म्हणून तुम्हालाही मी दिसत असेन, असं मी धरलं. थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "बरं. समजलं मले." परत येताना म्हणालात, "तुह्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही." मी खिडकीतून बाहेर बघत होते. इतकी खुशीत होते की वाटेतलं काहीच आठवत नाही.

मग तुम्ही त्यांना नकार कळवलात.

मी विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची रीत नव्हती. मी एवढंच समजले की तुम्ही मान पाहिलीत, आणि तरी नाही म्हणालात, कारण मी गेले असते तर तुम्ही एकटे पडला असता. त्यानंतर तुम्ही सात-आठ वर्षं होतात. मी चहा दिला, औषधं दिली, सीटवर बसून सेल्फ मारला. सावलीत बसल्यावर तुम्ही विचारायचात, "काहून गप्प आहे वं?" मी म्हणायची, "काही नाही." हळूहळू तुम्ही तिथेही बोलेनासे झालात. नंतर आलेल्या स्थळांना मीच नाही म्हटलं. तुम्ही जोर केला नाहीत.

काल फडकं वाळलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा वाळलं, तरी गाडी सुरू होईना. म्हणजे यावेळी पंप नव्हता. करंट पाहायला हवा होता, आणि त्यासाठी सीटवर माणूस हवं होतं. सायकलवर कडब्याची पेंढी बांधून एक म्हातारा जात होता, त्याला थांबवलं.

"एकल्याच काय बाई? घरचं कोणी नाही संगं?"

"नाही."

"मंग गाडी कोन चालवते?"

"मीच."

"अरे बापा," म्हणून तो सीटच्या टोकावर अंग चोरून बसला. "मले फक्त बैल हाकता येते, सांगून ठेवतो. उधळली तं माह्यावर नाही."

त्याला खटका दाखवला आणि मी पुढे गेले. बॉनेटच्या त्या बाजूला उभं राहून, सीटवर कोणी बसलेलं असताना, मी कधीच काम केलं नव्हतं. मी विचारलं, "समोर लाल दिवा लागला का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग जरा आवाज चढवून विचारलं.

"केव्हाचा हो म्हणून राहिलो ना बाई," तो म्हणाला. "मान हलवून हलवून दुखली."

"मला इथून दिसत नाही हो."

"असं कसं? मले तं तुमचा पदर दिसून राहिला."

मी वाकून पाहिलं. डोकं इकडे केलं, तिकडे केलं. फटीतून स्टिअरिंगचा खालचा भाग दिसतो, खटक्यावरचा हात दिसतो. चेहरा दिसत नाही, बाबा. कुठूनही दिसत नाही.

त्याला खटका ओढायला सांगून प्लगची वायर पाहिली, ठिणगी नव्हती. कॉइलची वायर खड्ड्यांनी निसटली होती, ती दाबून बसवली. "मारा," म्हटलं आणि इंजिन लगेच सुरू झालं. म्हातारा दचकून खाली उतरला. "आता नीट घरी जा बापा," म्हणाला आणि पेंढी सावरत निघून गेला.

म्हणजे तुम्ही तिथे उभे राहून वाट पाहत होतात. मी काही बोलले नाही, तेव्हा मला पसंत नाही असं समजलात, आणि माझ्या मनाविरुद्ध काही करायचं नाही म्हणून नकार कळवलात. त्यानंतर मी गप्प का राहते हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नसेल. हे काकांना सांगण्यासारखं नाही. दुसरं कोणी नाही, म्हणून कागदावर लिहिलं. उद्या चूल पेटवताना खाली घालीन.

एक मात्र सांगते. तो गेल्यावर मी लगेच निघाले नाही. बॉनेट उघडंच ठेवून सीटवर जाऊन बसले आणि "हो" म्हणाले. तोंडाने, मोठ्याने. इंजिन चालू होतं. तुम्ही पलीकडे असतात तरी तुम्हाला ऐकू गेलं नसतं.