टिटवीचे इंजिन दुरुस्त करू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली ड्राफ्ट्समन, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, उलट सगळ्यांनी "आत्ता कशाला?" म्हणून अडवले असतानाही हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्या शुद्धीबद्दल ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा परवाचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्या "चिडचिड कमी करा" असेही म्हणाल्या. ते दाखल्यात लिहिलेले नाही, त्यामुळे बंधनकारक नाही.

याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते. हेही रागातच करते आहे, पण या वेळी राग नेमका कोणावर आहे ते नीट तपासून घेतले आहे.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला द्यावे. धाकट्या भावाला स्वतःचे घर आहे आणि माझ्या घराबद्दल भरपूर मतेही आहेत. मते त्याने ठेवून घ्यावीत.

कलम २. माझा लाकडी ड्रॉइंग बोर्ड धाकट्या भावजयीला. कापड बेतायला तिला तो हवा आहे, असे ती एकदाच म्हणाली आणि नंतर कधी आठवण करून दिली नाही. आमच्या घरात हा गुण दुर्मीळ आहे. शिवाय "या वयात विमानांचे गेम काय खेळतेस?" हा प्रश्न अख्ख्या खानदानात फक्त तिने विचारलेला नाही.

कलम ३. गेमबद्दल. हे एकदाच लिहिते, म्हणजे माझ्यानंतर तरी कोणी विचारणार नाही. विमान उडवण्याचा हुबेहूब सराव देणारा संगणकावरचा कार्यक्रम असतो, त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्यात आधीपासून असलेली विमाने ज्यांना पुरत नाहीत ते लोक बाहेरून बनवलेली विमाने त्याला जोडून घेतात. ती ॲड-ऑन विमाने बनवणाऱ्यांपैकी मी एक. निवृत्तीनंतरची अकरा वर्षे मी एकच विमान बनवले: आता कुठेही उडत नसलेले एका आसनाचे जुने लढाऊ जेट. त्याला जमिनीवरचे मेकॅनिक 'टिटवी' म्हणायचे, कारण उतरताना वेग कमी करायला पंखांवरचे एअरब्रेक उघडले की ते शीळ घाली. प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक काटा, प्रत्येक बटण मी जुन्या मॅन्युअलवरून काढले आहे. ही माझी खरी मालमत्ता. ती टेबलाखालच्या काळ्या संगणकात आहे. धाकट्या भावाने तो संगणक 'साफ' करू नये. त्याने साफ केलेला माझा फोन अजून दुरुस्तीला आहे.

कलम ४. टिटवीच का, तेही लिहिते.

माझा दादा टिटवी उडवायचा. तो सत्तावीस वर्षांचा होता, मी बावीसची. एका स्वच्छ सकाळी उतरताना त्याचे इंजिन बंद पडले आणि धावपट्टीच्या अलीकडे विमान जमिनीत घुसले. चौकशी झाली. अहवालात म्हटले की टाकीत इंधन होते, काटाही पुरेसे इंधन दाखवत होता, यंत्रात दोष नव्हता. सबब वैमानिकाच्या हातून इंजिन चुकून बंद झाले. वडिलांनी दादाचा फोटो भिंतीवरून काढला नाही, पण पाहुणे आले की ते त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागले.

वहिनीने त्या अहवालावर 'मान्य' म्हणून सही केली. त्यावरून मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानंतर आम्ही लग्नकार्यात भेटलो तरी एकमेकींशी मुलीमार्फत बोलायचो. "आईला सांग, ताट वाढलंय." "आत्याला सांग, भूक नाही." ही भाची तेव्हा चार-पाच वर्षांची होती. अशी सत्तेचाळीस वर्षे गेली.

टिटवी बनवायला घेतली तेव्हा माझ्या मनात संशयबिंशय काही नव्हता. दादा जिथे बसायचा ती जागा मला पाहायची होती, एवढेच. इंजिन कधी बंद पडावे हे मी ठरवलेले नाही. टाकी, नळ्या, पंप मॅन्युअलमध्ये जसे होते तसे मांडले आणि हिशेब संगणकावर सोडला. पहिल्याच उतरणीत इंजिन बंद पडले.

मला वाटले, माझी चूक. तीन आठवडे मी माझी चूक शोधली. मग टाकीचा आराखडा कागदावर छापून भिंतीला लावला आणि पंपाच्या कारखान्यातल्या नजरेने पाहिला. टाकी लांबट. पंपाकडे जाणारे तोंड मागच्या टोकाला. उरलेले इंधन मोजणारा फ्लोट पुढच्या टोकाला. टाकीत पाव भागापेक्षा कमी इंधन असताना नाक खाली करून एअरब्रेक उघडले, म्हणजे उतरताना प्रत्येक वैमानिक करतो तेच केले, की ब्रेक लागलेल्या बसमधली उभी माणसे पुढे जातात तसे सगळे इंधन पुढे धावते. फ्लोट वर उचलला जातो, काटा सांगतो भरपूर आहे. मागचे तोंड उघडे पडते आणि पंप हवा ओढतो. पंपाने हवा ओढली तर काय होते हे मला कोणी शिकवायला नको. ते होऊ नये म्हणूनच मी तेहतीस वर्षे रेघा मारल्या.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

कलम ५. गिऱ्हाईक या जमातीस मी काहीही ठेवत नाही.

टिटवी लोकांसाठी खुली केल्यावर पहिल्या महिन्यात दीडशे तक्रारी आल्या. एकाला सीटच्या पट्ट्याचे बक्कल दोन मिलिमीटर डावीकडे हवे होते. एकाने विचारले, कॉकपिटमध्ये कप ठेवायला जागा करता येईल का. आणि बाकी सगळे एकच रडगाणे: "उतरताना इंजिन बंद पडतं. एवढा मोठा बग. तपासता की नाही?" मी प्रत्येकाला उत्तर लिहिले की हा बग नाही, विमानच तसे आहे. त्यावर एका पठ्ठ्याने लिहिले, "काकू, असं विमान कोणी बनवेल का?" हाच प्रश्न चौकशी समितीला पडला असता तर मी आज स्वेटर विणत बसले असते.

कलम ६. आवाजवाल्यास.

माझा भागीदार, ज्याला सगळे आवाजवालाच म्हणतात, त्याने टिटवीचे सगळे आवाज केले. एअरब्रेकची ती शीळ त्याने एका भंगारातल्या व्हॉल्व्हमधून काढली. पहिल्यांदा ऐकवली तेव्हा मला खुर्चीचा हात धरावा लागला. पण तक्रारींना कंटाळून या गृहस्थाने मला न विचारता एक अपडेट सोडला. मी फोन केला.

"तू टाकीला हात लावलास?"

"एकच आकडा बदलला, ताई. मागचं तोंड पुढं घेतलं. लोक खूश आहेत."

"कोणाला विचारून?"

"अहो, विमान पडत होतं! पडायला नको ना?"

"ते पडायचंच. खरंच पडायचं."

"ताई, गेम आहे तो."

मी फोन ठेवला, अपडेट मागे घेतला आणि दोन वर्षे त्याच्याशी बोलले नाही. मात्र एक कबूल करते. दादाबद्दल मी त्याला कधीच काही सांगितले नव्हते. त्याच्या दृष्टीने तो एका हट्टी बाईचा घोळ निस्तरत होता. त्याचे सगळे आवाज त्याचे आहेत, ते त्याला परत द्यावेत. माझा चांगला हेडफोनही द्यावा. आणि हे कलम त्याला वाचून दाखवावे. समोरासमोर मला जमणार नाही.

कलम ७. निवृत्त वैमानिकांस, जे माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे असूनही माझ्यामागे राहतील अशी लक्षणे आहेत, माझी हातांची खुर्ची द्यावी.

दीडशे तक्रारींच्या ढिगात त्यांचे दोन ओळींचे पत्र होते. "तुमचे विमान बरोबर आहे. मला येऊन बघायचे आहे." प्रत्येक मजल्यावर थांबत ते तीन जिने चढून आले. बसले, उडवले, उतरायला घेतले. एअरब्रेकची शीळ आली, इंजिन गेले, आणि इशाऱ्याचा दिवा लागायच्या आत त्यांचा हात इंजिन पुन्हा सुरू करायच्या बटणावर होता. अशा वेळी हात कुठे न्यायचा हे त्यांना शोधावे लागले नाही.

"माझ्या वेळी खाली उंची होती," ते म्हणाले. "इंजिन पुन्हा लागलं. म्हणून मी इथे बसलोय."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"लेखी दिलं होतं. साहेब म्हणाले, तुझ्याच हातून बंद झालं असेल. चारदा म्हणाले. मग मीही तसंच म्हणायला लागलो." माझ्या आडनावावरून त्यांनी मला आधीच ओळखले होते. म्हणाले, "तुमचा दादा त्यानंतर सात महिन्यांनी गेला."

मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही. ते तसेच उतरून गेले. आठ दिवसांनी पुन्हा तीन जिने चढून आले. हातात त्या लेखी तक्रारीची पिवळी पडलेली कार्बन प्रत होती. "हे मी तेव्हाच घेऊन यायला हवं होतं," म्हणाले. तेव्हा मी चहा टाकला.

ती प्रत, टाकीचा आराखडा आणि माझे बारा पानी टिपण मी संबंधित कार्यालयाला पाठवले. चौदा महिन्यांनी उत्तर आले: सदर प्रकरणाचे कागद मुदत संपल्याने नष्ट करण्यात आले आहेत, सबब निष्कर्षात दुरुस्ती करता येत नाही. म्हणजे कागद गेला आणि ठपका राहिला. हे उत्तर मी जपून ठेवले आहे. ते कोणाला द्यावे ते सुचत नाही. धाकट्या भावाला द्यावे, त्याला सरकारी भाषा आवडते.

कलम ८. टिटवीची मालकी माझ्या भाचीकडे जावी आणि या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच असावी. ती दातांची डॉक्टर आहे. दुखणे एका जागी असते आणि माणूस बोट दुसऱ्या जागी ठेवतो, हे ती रोज पाहते. विमान उडवण्याची तिच्यावर सक्ती नाही. तिने ते दुसऱ्या कोणाला सोपवले तरी चालेल. रंग बदला, बक्कल सरकवा, कप ठेवायला जागा करा, माझे काही म्हणणे नाही. टाकीचे तोंड मात्र जिथे आहे तिथेच राहील. आणि सोबतच्या पुस्तिकेचे पहिले पान कोणीही काढू नये. त्यावर असे छापलेले आहे:

"पाव टाकीखाली, एअरब्रेक उघडून उतरताना हे इंजिन बंद पडते. धावपट्टीच्या जवळ ते घडल्यास करण्यासारखे काही नाही. मी चारशे बारा वेळा प्रयत्न केला. एकदाही पोचले नाही. हे विमान उडवलेल्या एका अनुभवी वैमानिकाने एकोणीस वेळा केला. तेही पोचले नाहीत."

कलम ९. वहिनीस.

ते पहिले पान भाचीने आईला वाचून दाखवले, मला न सांगता. दोन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी दारावर थाप पडली आणि समोर वहिनी. सोबत भाची नव्हती, त्यामुळे मध्ये बोलायलाच कोणी नाही. आम्ही दोघी दारात उभ्या.

शेवटी तीच म्हणाली, "सही केल्याशिवाय त्याचं सामान देणार नव्हते. मला त्याचे कपडे हवे होते."

ही गोष्ट मला सत्तेचाळीस वर्षांत कोणी सांगितली नाही. मी विचारली नाही हेही खरेच. मी म्हणाले, "आत ये, पंखा लावते."

"उडवू नकोस," ती म्हणाली. "तो कुठे बसायचा तेवढं दाखव."

मी कॉकपिट उघडले. ती पुढे झुकून एकेक काटा पाहत राहिली, खूप वेळ. मग डाव्या बाजूच्या घड्याळावर बोट ठेवले.

"हे नव्हतं."

"मॅन्युअलमध्ये आहे, वहिनी. मोजून बसवलंय."

"असेल. त्याचं बंद पडलेलं. दुरुस्त करून देत नव्हते. त्याने स्वतःचं मनगटी घड्याळ इथे बांधलेलं, काळ्या पट्ट्याचं, काच तडकलेलं. सामान परत आलं त्यात नव्हतं ते. मी तीनदा विचारलं. म्हणाले, मनगटावर काही नव्हतं." ती पडद्याकडेच पाहत होती. "मनगटावर कसं असेल?"

अकरा वर्षे मी जगभरचे फोटो धुंडाळले, अनोळखी म्हाताऱ्यांना पत्रे लिहिली, आणि जिला सगळे माहीत होते ती बसने वीस मिनिटांवर राहते. या मृत्युपत्रातला सर्वांत मोठा राग मी स्वतःच्या नावावर करते. त्यात इतर कोणाचाही हिस्सा नाही.

वहिनीला काय ठेवू असे मी तिला विचारले. म्हणाली, "काही नको. ते घड्याळ नीट कर." पट्ट्याला किती भोके होती, काच कुठून कुठे तडकली होती, हे ती दर गुरुवारी येऊन सांगते आणि माझे प्रत्येक चित्र नापास करते. दीडशे गिऱ्हाइके परवडली. सबब हे मृत्युपत्र आज केले असले तरी ते अमलात आणण्याची घाई कोणी करू नये. काम चालू आहे.

येणेप्रमाणे लिहिलेले मी स्वतः वाचून, दोन ठिकाणी खोडून, शुद्धीत सही केली आहे.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. सही करण्यापूर्वी त्यांनी माझा रक्तदाब पुन्हा पाहिला.

साक्षीदार २: वहिनी, थोरल्या भावाची पत्नी. या कागदावर तिने प्रत्येक ओळ वाचून मगच सही केली आहे. त्यात दीड तास गेला.

स्थळ: राहते घर, कामाचे टेबल.
दिनांक: एकोणीस सप्टेंबर, गुरुवार.