आईची सिरियल आणि माझी कात्री

३ फेब्रुवारी, सोमवार
आईला धंतोलीत डॉक्टरांना दाखवून आणलं. बीपी १६०. डॉक्टर म्हणाले, मीठ, लोणचं कमी करा. सिरियलबद्दल बोलले नाहीत. त्यांना टीव्ही बघायला वेळ मिळत नसेल. खरं कारण मला माहीत आहे. रोज सायंकाळी सात वाजता आई ती सासू-सुनेची भांडणं बघते. सरकार सेन्सॉर करत नाही, तर मी घरापासून सुरुवात करणार. हिंगण्याला कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. खराब माल कधी पास केला नाही. रिमोट आता माझ्या खिशात.

४ फेब्रुवारी, सायं. ७.२०
कारवाई सुरू. आईला कीर्तनाचं चॅनल लावून दिलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विरोध शून्य. बायकोचं, शोभाचं, म्हणणं की ऐंशी वर्षांच्या बाईला काय पाहावं ते कळतं. सगळे हेच म्हणतात, म्हणून तर देशाचं असं झालं.

६ फेब्रुवारी
आई दोन दिवस बोलली नाही. आज शोभामार्फत निरोप आला, चारुलताचं काय झालं? चारुलता म्हणजे त्या सिरियलमधली सून. नवा प्लॅन: आदल्या दिवशीचा भाग मी मोबाइलवर तपासणार आणि सायंकाळी फक्त पास झालेला मजकूर आईला तोंडी सांगणार.
बीपी १६५. मशीनची बॅटरी उतरली असावी.

७ फेब्रुवारी
सासू कामिनीने सुनेच्या खिरीत विष टाकलं. मी वेलची टाकली. आईने विचारलं, मग सून दवाखान्यात काहून? म्हटलं, वेलचीची ॲलर्जी. समाधान झालेलं दिसलं.

११ फेब्रुवारी
तपासणी पक्की व्हावी म्हणून मागचे चाळीस भाग पाहावे लागले. निव्वळ कर्तव्य. जेवण थंड झालं.
चारुलताच्या नवऱ्याची दुसरी बायको निघाली. तिला मावसबहीण केलं. आई म्हणाली, मावसबहिणीच्या गळ्यात त्याच्याच नावाचं मंगळसूत्र काहून? मंगळसूत्राचं तर मी बोललोच नव्हतो. या वयात कल्पनाशक्ती तेज आहे.

१५ फेब्रुवारी
बीपी १४०. आई आता साडेसहालाच उशी सरकवून पलंगावर माझी जागा करते. माझ्या सांगण्यात काहीतरी आहेच. सोसायटीत वर्ग काढावा म्हणतो. नोटीस लिहून तयार.

१८ फेब्रुवारी
मी सांगत होतो, चारुलता चार दिवस माहेरी गेली. आई शांतपणे म्हणाली, "नत्थू, तिले जिन्यावरून ढकललं गा. मी दुपारीच पाह्यलं."
मी दुपारी झोपलो की शोभा तिला मोबाइलवर लावून देते. पहिल्या आठवड्यापासून. मी विचारलं, मग माझं ऐकत काहून होतीस?
"रिटायर झाल्यापासून माह्याजवळ घडीभर बसला होता का तू? विष सांग का वेलची सांग. बसून तर राहिला होता."
रिमोट तिच्या उशाशी ठेवला.

१९ फेब्रुवारी
सात वाजता आईजवळ बसलो. तपासणी नाही, सहज. कामिनीचा कट मला आधीच कळला, म्हणून समजावून सांगू लागलो. आई म्हणाली, चूप बस गा, ऐकू येऊन नाही राहिलं.
बसलो.