दांडगोबाचा स्टार्टर

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अण्णांचं पत्र आलं. माझी चौकशी दोन ओळी, ट्रॅक्टरची पानभर. दांडगोबा म्हणे तुझ्याशिवाय सुरूच होत नाही. पंपघरावर कामाला जाण्याआधी तू रोज शेतावर जातोस, काहीतरी खुडबुड करतोस आणि तो धडधडायला लागतो. अण्णा एकटे असले की ढिम्म. अरे, हे यंत्र आहे की रुसलेला जावई? एवढं जुनं धूड विकून टाकलं तर बिघडलं कुठं?

आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये एक चांगला मेकॅनिक आहे, पाठवू का? तुझी पाठ कशी आहे तेही कळव.

लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढू दे.
तुझी धाकटी

२० जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

विकायचं नाव काढू नकोस. दांडगोबाला वेग नाही, पण ओढ अशी की ओल्या चिकणमातीतही नांगर अडत नाही. काही बिघडलं तर पान्याने उघडावं, पुसावं, पुन्हा लावावं. न समजण्यासारखं आत काही नाही. ऑइल वेळेवर बदललं, हवेची जाळी झटकली, रेडिएटरचं पाणी बघितलं की त्याची तक्रार नसते.

खोडी आहेत. लिफ्टचं तेल झिरपतं, म्हणून उचलून ठेवलेला नांगर हळूहळू खाली येतो. त्याहून वाईट ब्रेक. डावा आधी धरतो, उजवा मागाहून, त्यामुळे उतारावर तो डावीकडे ओढतो. मी दोन्ही सारखे करून देतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. अण्णांना सांगावं तर म्हणतात, माझा जन्म त्याच्यावर गेला, मला शिकवू नकोस.

स्टार्टरचं मी बघतो. मेकॅनिक पाठवू नकोस. पाठ दुखते, पण चालायचंच.

माया आहे तशीच राहू दे.
दादा

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. मेकॅनिक तिकडे निघालाच होता, म्हणून त्याला शेतावर डोकावायला सांगितलं. तू तेव्हा कामावर होतास. परत येऊन तो हसत होता. स्टार्टर ठणठणीत, फक्त बॅटरीकडून येणारी तार सैल होती. त्याने ती आवळली, अण्णांनी स्वतः किल्ली फिरवली आणि दांडगोबा पहिल्या फटक्यात सुरू झाला. एवढी वर्षं पाना हातात धरणाऱ्या तुला सैल तार दिसू नये?

आता तुझी रोजची पायपीट वाचली. माझे आभार मानलेस तरी चालेल.

राग धरलास तरी लोभ सोडू नकोस.
तुझी धाकटी

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तार मला दिसत होती. ती मीच सैल करायचो.

अण्णांना डाव्या डोळ्याने आता नीट दिसत नाही, आणि वरचं शेत सगळं उताराचं. एकट्याने ट्रॅक्टर काढू नका म्हटल्यावर ऐकतील तर ते अण्णा कसले? म्हणून सकाळी तार आवळायची, ते नांगरत असताना शेजारी मडगार्डवर बसून ब्रेककडे लक्ष ठेवायचं आणि कामावर जाताना तार पुन्हा ढिली करायची. गेलं वर्षभर असंच चाललं होतं.

तुझा मेकॅनिक गेला आणि त्याच दुपारी अण्णा एकटेच वर गेले. उतरताना ब्रेकने डावीकडे ओढलं, पुढची चाकं चरात गेली. अण्णांचं कोपर खरचटलं, त्यावर निभावलं. निरोप आला तेव्हा मी हातातलं काम टाकलं. धावत गेलो आणि चारचौघांत त्यांना नको ते बोललो. ते एवढंच म्हणाले की ट्रॅक्टर आता त्यांच्या हाताने सुरू होतो, तेव्हा मी येण्याचे कष्ट घेऊ नयेत. त्यानंतर मी गेलेलो नाही.

तुझा राग आला आहे. पुढच्या पत्रापर्यंत ओसरेल.
दादा

१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं कानउघाडणीचं पत्र पोचलं. माझं कोपर बरं आहे. दांडगोबाही चरातून निघाला. स्टिअरिंगचा दांडा वाकला होता, तो लोहाराने सरळ करून दिला.

तू लिहितेस की दादाने मला फसवलं म्हणून मी चिडलो. अगं, फसायला मी काय काल ट्रॅक्टरवर बसलो? तार सैल आहे हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पाना माझ्याही पेटीत आहे. पण तुझी आई गेल्यापासून दादा कधीमधी यायचा, तोही दारातून बोलून परत फिरायचा. तार सैल झाली आणि तो रोज यायला लागला. आम्ही ब्रेकवरून भांडायचो, मग बांधावर बसून चहा प्यायचो. माझी सकाळ बरी जायची, म्हणून तारेला हात लावला नाही.

मेकॅनिकने तार आवळल्यावर मात्र मोह आवरला नाही. पुन्हा एकदा एकट्याने जाऊन यावंसं वाटलं. दादा लोकांसमोर ओरडला, ते मला लागलं, आणि मी त्याला येऊ नकोस म्हणालो. आता ये म्हणायला जीभ वळत नाही. त्याच्यावाचून सकाळी करमत नाही, हे तुलाच सांगतो.

काल पाना काढून तार सैल करून ठेवली आहे. दादाला एवढंच कळव की ट्रॅक्टर पुन्हा सुरू होत नाही. मेकॅनिक पाठवू नकोस.

म्हाताऱ्यावर लोभ असू दे.
अण्णा